चिठ्ठीतली शेवटची ओळ

१४ नोव्हेंबर ही तारीख पंडित नेहरूंमुळे आपल्याकडे बालदिन झाली आणि फ्रेडरिक बँटिंग यांच्यामुळे जगभर मधुमेह दिन. १८९१ साली याच दिवशी जन्मलेले बँटिंग कॅनडातले शल्यचिकित्सक. १९२१च्या उन्हाळ्यात टोरोंटो विद्यापीठात, प्रा. मॅक्लिऑड यांच्या प्रयोगशाळेत, चार्ल्स बेस्ट या विद्यार्थ्याला हाताशी धरून त्यांनी कुत्र्यांच्या स्वादुपिंडातून अर्क काढला. पुढे गुरांच्या स्वादुपिंडातून काढलेला असा अर्क जेम्स कॉलिप यांनी शुद्ध केला. जानेवारी १९२२मध्ये मरणपंथाला लागलेल्या चौदा वर्षांच्या लेनर्ड थॉम्प्सनला तो टोचण्यात आला आणि मुलगा वाचला. तोवर मधुमेह झालेल्या मुलाच्या आईबापांना डॉक्टर धीराचे चार शब्द देत, त्यापलीकडे त्यांच्या हाती फारसे काही नव्हते. शोधकर्त्यांनी पेटंटचे हक्क विद्यापीठाला नाममात्र एका डॉलरला देऊन टाकले. विज्ञानाच्या इतिहासात इतके निखळ यश आणि इतकी निर्लोभ वृत्ती क्वचितच एकत्र आढळते. म्हणून १९९१पासून हा दिवस पाळला जातो आणि २००६मध्ये संयुक्त राष्ट्रांनीही त्याला मान्यता दिली.

बँटिंग यांचे स्मरण करताना एक विसंगती मात्र ध्यानात घ्यायला हवी. त्या मुलाच्या शरीरात इन्सुलिन नव्हते. आज आपल्या घरादारात जो मधुमेह ठाण मांडून बसला आहे, त्याच्या सुरुवातीच्या काळात रक्तातले इन्सुलिन बहुधा गरजेपेक्षा जास्तच असते. लंडनच्या हॅरॉल्ड हिम्सवर्थ यांनी १९३६मध्येच नोंदवले होते की काही रुग्णांना इन्सुलिन चटकन लागू पडते आणि काहींवर त्याचा फारसा परिणाम होत नाही. पुढे न्यूयॉर्कच्या रोझलिन यॅलो आणि सॉलोमन बर्सन यांनी रक्तातले इन्सुलिन मोजण्याची पद्धत शोधली. मध्यम वयात मधुमेह जडलेल्यांच्या रक्तात ते कमी नसून पुष्कळदा अधिक असते, हे त्या मोजणीतून दिसले. याच पद्धतीसाठी यॅलो यांना १९७७चे नोबेल मिळाले. १९८८मध्ये जेरल्ड रीव्हन यांनी उच्च रक्तदाब, वाढलेली ट्रायग्लिसराइड्स आणि रक्तातली साखर या तिन्हींच्या मुळाशी इन्सुलिनला न जुमानणारे शरीर असू शकते, अशी मांडणी केली. आज डॉक्टर ज्याला इन्सुलिन रेझिस्टन्स म्हणतात, त्याची कहाणी अशी पन्नास वर्षे हळूहळू उलगडत गेली.

हे घडते कसे? जेवल्यावर रक्तात साखर वाढते, स्वादुपिंड इन्सुलिन सोडते, स्नायू साखर आत घेतात आणि यकृत स्वतःजवळची साखर बाहेर सोडणे थांबवते. पोटाच्या आत, यकृतात आणि स्नायूंमध्ये चरबी साठू लागली की हे काम अडखळते. ओ न देणाऱ्या मुलाला आई आवाज चढवून पुन्हा हाक मारते, तसे स्वादुपिंड मग अधिक इन्सुलिन सोडते. काम भागते आणि साखरेचा रिपोर्ट 'नॉर्मल' येतो. असे एक-दोन वर्षे नव्हे, पुष्कळांच्या बाबतीत दशकभर चालते. शेवटी स्वादुपिंडाच्या पेशी थकतात, इन्सुलिन अपुरे पडू लागते आणि मगच साखर चढलेली दिसते. आपण त्या दिवसाला आजाराचा पहिला दिवस म्हणतो. खरे तर तो एका लांबलेल्या प्रकरणाचा बराच पुढचा दिवस असतो.

या मधल्या वर्षांत शरीर गप्प बसलेले नसते. कंबरेचा पट्टा एकेक भोक पुढे सरकतो. दुसऱ्याच कारणाने केलेल्या सोनोग्राफीत 'ग्रेड वन फॅटी लिव्हर' लिहून येते आणि 'हे तर हल्ली सगळ्यांनाच असते' म्हणून कागद कपाटात जातो. शाळकरी मुलीच्या मानेवर मखमली काळपट पट्टा दिसतो. घरात तो मळ समजून डाळीच्या पिठाने घासला जातो. बिचारी घासून घासून लाल होते, पण तो मळ नसतोच. रक्तात वाढलेल्या इन्सुलिनची ती त्वचेवर उमटलेली खूण असू शकते. पाळी लांबते, हनुवटीवर केस येतात, पीसीओडीचे निदान होते आणि 'लग्न झाले की होईल नीट' हा कौटुंबिक सल्ला मिळतो. हे ओळखायला महागड्या तपासण्यांच्या पॅकेजचीही बहुतेकांना गरज नसते. कंबरेचा घेर, रक्तदाब, उपाशीपोटीची साखर, एचबीए१सी आणि रक्तातली चरबी एवढे मोजले तरी डॉक्टरला पुष्कळ कळते. उपाशीपोटीची साखर १०० ते १२५ किंवा एचबीए१सी ५.७ ते ६.४ असेल, तर मधुमेह उंबरठ्याशी आला आहे असे समजावे.

उंबरठ्यावर किती जण उभे आहेत? भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचा 'इंडियाब' हा देशव्यापी अभ्यास २०२३मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानुसार देशात १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे आणि १३ कोटी ६० लाख लोक मधुमेहपूर्व अवस्थेत आहेत. पोटाचा घेर प्रमाणाबाहेर असलेल्या प्रौढांचे प्रमाण ३९.५ टक्के निघाले. मधुमेहाचे सर्वांत जास्त प्रमाण गोव्यात, २६.४ टक्के, म्हणजे दर चार प्रौढांमागे एकाहून थोडे अधिक. बालदिनाशी आलेला योगायोगही आता निरुपद्रवी राहिलेला नाही. मुलांच्या रोजच्या खाण्यात साखर किती असते, हे सांगणारे 'शुगर बोर्ड' शाळांच्या भिंतीवर लावा, असे केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने २०२५च्या मे महिन्यात आपल्या शाळांना कळवले. प्रौढांचा म्हणून ओळखला जाणारा आजार शाळेच्या फाटकापाशी आला, तेव्हा हे पत्र निघाले.

हे सारे खादाडपणाचे फळ आहे, असे मानणाऱ्यांनी पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे काम वाचावे. डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतल्या गरोदर बायांचा आणि त्यांच्या बाळांचा माग ठेवला. या बाया शेतावर राबणाऱ्या, बारीक अंगाच्या. त्यांच्या बाळांचे सरासरी वजन २.७ किलोच्या आसपास भरले. इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची बाळे साडेतीन किलोची. आपली बाळे जवळजवळ सगळ्या मापांत लहान होती. स्नायू कमी, पोटातले अवयव लहान. चरबी मात्र त्या मानाने टिकून होती. वरून किडकिडीत आणि आतून चरबीयुक्त, अशी ही शरीराची घडण जन्मापासूनचीच. २००४मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाने याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचे शेजारी शेजारी उभे असलेले छायाचित्र छापले. दोघांचाही बीएमआय २२.३. युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के. वजनकाटा आपल्या लोकांना किती फसवू शकतो, हे त्या एका छायाचित्राने सांगितले. भारतीयांसाठी बीएमआय २३च्या पुढे अतिवजन आणि २५च्या पुढे लठ्ठपणा मानतात, पुरुषांना ९० आणि स्त्रियांना ८० सेंटिमीटरची कंबर ही मर्यादा सांगतात, त्यामागे हीच घडण आहे.

पोटात असतानाच ज्याच्या शरीराने टंचाईचा हिशेब मांडला, तो पुढे शहरात आला, खुर्चीवर बसला आणि त्याला तीन वेळा पोटभर मिळू लागले. त्याच्या कंबरेकडे बघून 'जिभेवर ताबा नाही' म्हणणे अडाणीपणाचे आहे आणि क्रूरपणाचेही. आपल्याकडे जाड माणसाची थट्टा करायला कुणाला लाज वाटत नाही. नाटक-सिनेमातले विनोदी पात्र, वर्गातले टोपणनाव, लग्नाच्या बैठकीतला 'मुलगी जरा अंगाने आहे' हा शेरा, सगळे चालते. या लाजेने कुणाचे वजन उतरत नाही. लोक डॉक्टरकडे जायचे मात्र टाळतात, आणि गेलेच तर वजनाचा विषय निघू नये अशा बेताने जातात.

सुदैवाने या अवस्थेत करण्यासारखे पुष्कळ आहे आणि ते नीट तपासून सिद्ध झालेले आहे. चीनमधल्या दाचिंग शहरात १९८६मध्ये मधुमेहपूर्व अवस्थेतल्या ५७७ जणांना घेऊन पहिला मोठा प्रयोग सुरू झाला. काही गटांना सहा वर्षे आहार आणि व्यायामाचे मार्गदर्शन मिळाले. तीस वर्षांनी पाहिले तेव्हा त्यांचा मधुमेह सरासरी चार वर्षांनी लांबलेला होता आणि हृदयविकाराने होणारे मृत्यू आणि एकूण मृत्यूही कमी झाले होते. अमेरिकेत ३,२३४ जणांवर झालेल्या प्रयोगाचे निष्कर्ष २००२मध्ये आले. वजनात सात टक्के घट आणि आठवड्याला दीडशे मिनिटे चालणे हे उद्दिष्ट असलेल्या गटात मधुमेह होण्याचे प्रमाण ५८ टक्क्यांनी घटले. मेटफॉर्मिन हे औषध घेणाऱ्यांत ३१ टक्क्यांनी. सात टक्के म्हणजे ऐंशी किलोच्या माणसाने साडेपाच किलोच्या आसपास कमी करणे. कुणाला नटासारखे पोट दाखवायचे नव्हते. चेन्नईत डॉ. ए. रामचंद्रन यांनी ५३१ जणांवर केलेल्या प्रयोगाचे निष्कर्ष २००६चे. तिथे जीवनशैलीतल्या बदलाने २८.५ टक्के घट झाली, आणि तीही वजन फारसे न उतरता. काटा हलला नाही म्हणून चालणे सोडून देणाऱ्यांनी ही गोष्ट ध्यानात ठेवावी. ज्यांना मधुमेह झालेलाच आहे त्यांच्यासाठी ब्रिटनमधल्या 'डायरेक्ट' या प्रयोगाने २०१७मध्ये आशा दाखवली. गेल्या सहा वर्षांत मधुमेह झालेल्या आणि प्रयोगात अगदी कमी उष्मांकांचा आहार दिलेल्यांपैकी ४६ टक्क्यांची साखर वर्षभराने औषधाविना मधुमेहाच्या मर्यादेखाली होती. ज्यांनी पंधरा किलो किंवा अधिक वजन उतरवले त्यांच्यात हे प्रमाण ८६ टक्के होते.

आता आपल्या दवाखान्यात काय होते ते पाहू. चिठ्ठीवर रक्तदाबाची गोळी येते, साखरेची येते, पित्ताची येते, आणि सगळ्यात खाली एक ओळ: 'वजन कमी करणे, चालणे.' गोळीचे नाव असते, मात्रा असते, किती वाजता आणि जेवणाआधी की नंतर हे असते, पंधरा दिवसांनी पुन्हा बोलावणे असते. शेवटच्या ओळीला यातले काहीच नसते. किती, कसे, कुणाच्या मदतीने, जमले नाही तर काय, हे कुणी विचारत नाही आणि कुणी सांगत नाही. अमेरिकेच्या त्या प्रयोगात प्रत्येकामागे एक मार्गदर्शक होता आणि पहिल्या २४ आठवड्यांत सोळा बैठका होत होत्या. दाचिंग असो की चेन्नई, लोकांना उपदेश देऊन घरी पाठवले नव्हते. पुन्हा पुन्हा भेटून, मोजून, अडचणी सोडवून पुढे नेले होते. ५८ टक्क्यांचा आकडा त्या पाठपुराव्यासकट आलेला आहे. पाठपुरावा वगळायचा आणि यश आले नाही की रुग्णाला आळशी ठरवायचे, ही आपली रीत. जीवनशैलीतला बदल हा उपचार आहे, आणि उपचाराला जे जे लागते ते सगळे त्यालाही लागते, एवढेच आजच्या दिवशी ठासून सांगायचे आहे.

या उपचारातला पहिला भाग ताटाचा. भारतीयांच्या आहारातली सुमारे ६२ टक्के ऊर्जा पिठूळ पदार्थांतून आणि साखरेतून येते, असे 'इंडियाब'च्याच २०२५मधल्या विश्लेषणात आढळले. मराठी घरातले दिवसभराचे खाणे डोळ्यांपुढे आणले तर यात आश्चर्य वाटत नाही. सकाळी चहा-बिस्कीट, मग पोहे किंवा साबुदाण्याची खिचडी, दुपारी पोळी आणि पुन्हा भात, चारला चहा आणि चिवडा, रात्री साडेनऊला पुन्हा पोळी-भात. वरण असते ते भातावर ओतण्यापुरते. 'एकादशी आणि दुप्पट खाशी' ही म्हण आपणच केली आणि उपासाच्या ताटात बटाटा, साबुदाणा, वरी आपणच भरली. यात परकी खाद्यसंस्कृती आणायची गरज नाही. मटकीची उसळ वाटीभर, पिठले, ताक-दही, अंडे, खाणाऱ्यांना मासळी, आणि आधी भाजी-कोशिंबीर: ताटातल्या वस्तू त्याच, प्रमाण बदलायचे. स्वतःला फसवायचे प्रकारही सोडायचे. 'गुळाचा चहा' अशी पाटी लावलेल्या दुकानात शिरले म्हणून साखर टळत नाही. शरीराला गूळ आणि साखर जवळपास सारखेच. ज्वारीची भाकरी गुणाची खरी, पण चार खाल्ल्या तर चारांचाच हिशेब होणार.

काय खावे यापेक्षा कधी खावे यावर महाराष्ट्राने जास्त ऊर्जा खर्च केली आहे. डॉ. श्रीकांत जिचकार यांच्या मांडणीवरून डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी दिवसातून दोनदाच जेवायचा मार्ग गावोगावी नेला. दुसरीकडे ऋजुता दिवेकर दर दोन तासांनी थोडे थोडे खायला सांगत होत्या. घराघरांत, लग्नाच्या पंगतीत, सोसायटीच्या बाकांवर दोन पक्ष पडले. या वादाने एक मोठे काम केले, ते मान्य करायला हवे. इन्सुलिन हा शब्द त्याने प्रयोगशाळेतून काढून कट्ट्यावर आणला. मात्र पंथ झाला की तपासणी थांबते. ठरावीक तासांतच खाण्याची पद्धत चीनमधल्या ग्वांगजौ येथे १३९ स्थूल व्यक्तींवर वर्षभर तपासली गेली. निष्कर्ष २०२२मध्ये आले. ठरावीक तासांत खाणारा आणि वेळेचे बंधन नसलेला, अशा दोन्ही गटांनी उष्मांक सारखेच कमी केले होते आणि वजनातली घट जवळपास सारखीच निघाली. दोनदा जेवून एखाद्याचे एकूण खाणे कमी होत असेल तर त्याने तसे करावे. तिसऱ्या जेवणाने ज्याची वखवख आटोक्यात राहते त्याने तिसरे घ्यावे. कोणता मार्ग वर्षभर निभेल, हा प्रश्न विचारायचा, आणि त्याचे उत्तर माणसागणिक वेगळे असणार.

दुसरा भाग हालचालीचा. रक्तातली साखर ओढून घेणारा सर्वांत मोठा अवयव म्हणजे स्नायू. चालताना, चढताना, वजन उचलताना आकुंचन पावणारे स्नायू इन्सुलिनची वाट न पाहताही साखर आत घेतात. म्हणून जेवणानंतरची शतपावली ही केवळ आजोबांची सवय नाही, तिला शरीरशास्त्राचा आधार आहे. जन्मतःच कमी स्नायू घेऊन येणाऱ्या आपल्या लोकांनी चालण्याबरोबर उठाबशा, जिना, थोडे वजन उचलणे हेही करायला हवे, विशेषतः चाळिशीनंतर. बायकांना 'घरकामात व्यायाम होतोच की' असे सांगून सोडून देता येत नाही. ओट्यापाशी चार तास उभे राहिल्याने पाय दुखतात, दम लागत नाही. तिसरा भाग झोपेचा. शिकागोत ११ निरोगी तरुणांना सहा रात्री फक्त चार-चार तास झोपू दिले, तेव्हा त्यांच्या शरीराची साखर हाताळण्याची क्षमता चांगलीच घसरली; हे १९९९मध्ये प्रसिद्ध झाले. रात्रपाळीची परिचारिका, बंदोबस्तावरचा पोलीस, मुक्कामी गाडी नेणारा एसटीचा चालक यांना 'लवकर निजा' म्हणणे सोपे आहे. त्यांच्या पाळ्या कोण ठरवतो, हाही आरोग्याचाच प्रश्न आहे.

हे सगळे घरच्या घरी होणारे असेल, तर डॉक्टर हवा कशाला? हवा, आणि नेमका बदल यशस्वी होऊ लागला की जास्तच हवा. इन्सुलिन किंवा स्वादुपिंडाला चाळवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्याने अचानक जेवण निम्मे केले, नवरात्राचे कडक उपास धरले, तर साखर इतकी खाली जाऊ शकते की माणूस बेशुद्ध पडतो. वजन उतरू लागले की रक्तदाबाची गोळी पूर्वीच्या मात्रेत जड होते, उठताना भोवळ येते. 'डायरेक्ट' प्रयोगात दिवसाला साडेआठशेच्या आतबाहेर उष्मांकांचा आहार देताना मधुमेहाची आणि रक्तदाबाची औषधे वैद्यकीय देखरेखीखाली पहिल्याच दिवशी थांबवली होती आणि गरज पडेल तशी पुन्हा सुरू करायची सोय ठेवली होती. व्हॉट्सॲपवर आलेला तक्ता ही सोय पुरवत नाही. किडनी अधू असणाऱ्याला प्रथिने किती, गरोदर बाईला काय चालेल, थायरॉइड बिघडले आहे का, वजन वाढण्यामागे एखादे औषधच आहे का, शाकाहारी माणसात बी-१२ कमी आहे का, हे पाहणे वैद्याचे काम. आणि हो, सगळे नीट करूनही साखर उतरली नाही तर मेटफॉर्मिन सुरू करणे ही हार नसते.

हीच गोष्ट वजन उतरवणाऱ्या नव्या इंजेक्शनांची. २०२५च्या मार्चमध्ये टिर्झेपटाइड आणि जूनमध्ये वजनासाठीचे सेमाग्लुटाइड भारतात आले. ही औषधे प्रभावी आहेत, यात शंका नाही. ती घेणाऱ्याकडे 'शॉर्टकट मारला' म्हणून पाहण्याचे कारण नाही. मेलबर्नमधल्या २०११च्या एका अभ्यासात वजन उतरवलेल्या लोकांची भूक वाढवणारी संप्रेरके वर्ष उलटले तरी चढीच होती. शरीर गेलेले वजन परत मागते. निश्चयी माणूसही त्यापुढे थकतो, आणि तिथे औषध मदतीला येत असेल तर ते घ्यावे. मात्र सेमाग्लुटाइड थांबवल्यावर वर्षभरात उतरलेल्या वजनाचा सुमारे दोन तृतीयांश भाग परत आल्याचेही प्रयोगात दिसले आहे. चरबीबरोबर स्नायूही झडतात, ते आपल्याला परवडणारे नाही. म्हणजे इंजेक्शन घेतले तरी ताट, व्यायाम आणि देखरेख सुटत नाही, उलट आवश्यक होते. सेमाग्लुटाइडच्या भारतातल्या पेटंटची मुदत २०२६च्या मार्चपर्यंतची. त्यानंतर किंमत उतरत जाणार हे उघड आहे. किंमत उतरेल तसे ते चिठ्ठीविना, कुणाच्या तरी ओळखीने, लग्नाआधी महिनाभर घेण्याचे औषध होऊ नये, ही जबाबदारी औषध नियंत्रकांची आहे तितकीच डॉक्टरांची.

आता प्रश्न उरतो व्यवस्थेचा. सरकारकडे काहीच नाही, असे म्हणता येणार नाही. तीस वर्षांवरील प्रत्येकाची माहिती घेण्यासाठी आशाताई 'सीबॅक'चा फॉर्म घेऊन घरोघर फिरते, आणि त्या फॉर्मवर कंबरेचे माप घ्यायचा रकाना आहे. देशातला वजनाचा सर्वांत उपयोगी आकडा ती तुटपुंज्या मानधनावर, उन्हातान्हात गोळा करते. त्या आकड्याचे पुढे काय होते? ८८ सेंटिमीटर कंबर असलेल्या बाईला प्राथमिक आरोग्य केंद्रात कोणता आहारतज्ज्ञ भेटतो, कोणता गट मिळतो, सहा महिन्यांनी कोण बोलावतो? राज्याची जन आरोग्य योजना अँजिओप्लास्टीचा आणि डायलिसिसचा खर्च उचलते, आणि ते योग्यच आहे. खासगी मेडिक्लेमही रुग्णालयात भरती झाल्यावर धावून येतो. पण तिथपर्यंत पोचूच नये म्हणून लागणाऱ्या सोळा बैठकांचे पैसे देणारा शोधावा लागतो. ब्रिटनच्या राष्ट्रीय आरोग्य सेवेने २०१६पासून मधुमेह प्रतिबंधाचा असा गटवार कार्यक्रम मोफत उपलब्ध करून दिला. दवाखान्यातला डॉक्टर त्याची शिफारस रक्ततपासणी लिहावी इतक्या सहजपणे करतो. आपल्याकडे बचत गट आहेत, भजनी मंडळे आहेत, ज्येष्ठ नागरिक संघ आहेत, सकाळच्या बागेतले हास्यक्लब आहेत. आठवड्याला भेटणारी, एकमेकांना विचारणारी माणसे जमवण्याचे अवघड काम समाजाने आधीच केले आहे. त्यांना एक प्रशिक्षित मार्गदर्शक, एक काटा, एक टेप आणि महिन्यातून एकदा येणारा डॉक्टर जोडून देणे राज्याच्या आवाक्याबाहेरचे नाही. त्याबरोबर चालता येईल असे पदपथ आणि संध्याकाळनंतर बायकांना निर्धास्त फिरता येईल असे रस्ते हवेत. गाड्या आणि टपऱ्यांनी व्यापलेल्या फुटपाथवर दीडशे मिनिटांचा हिशेब पुरा होत नाही.

आज राज्यभर मोफत तपासणी शिबिरे होतील, बोटाला सुई टोचली जाईल, अमुक हजार लोकांची साखर तपासली म्हणून बातम्या येतील. ते व्हावेच, न तपासण्यापेक्षा तपासलेले बरे. शिबिराचे यश मात्र वेगळ्या आकड्याने मोजायला हवे. आज ज्यांची साखर किंवा कंबर उंबरठ्यावर सापडली, त्यांपैकी किती जण पुढच्या मे महिन्यात पुन्हा त्याच डॉक्टरसमोर बसले, त्यांतल्या कितींचा घेर दोन बोटे कमी झाला, कितींची औषधे घटली आणि ज्यांचे काहीच जमले नाही त्यांना कुणी न रागावता कारण विचारले का, हे प्रत्येक रुग्णालयाने, पालिकेने आणि जिल्हा परिषदेने जाहीर करावे. डॉक्टरांनीही आपल्या चिठ्ठीतल्या त्या शेवटच्या ओळीपुढे मात्रा, वेळ आणि पुढच्या भेटीची तारीख लिहायला आजच सुरुवात करावी. त्याला ना अर्थसंकल्पाची तरतूद लागते, ना शासन निर्णय.